मंजुळाबाईचे रिकामे हात

पाऊस आठवडाभर उघडला होता आणि भादव्याचं ऊन चेंदणी कोळीवाड्याच्या कौलांवर सकाळीच तापायला लागलं होतं. वारा म्हणून नाही. खाडीकडून चिखलाचा उग्र वास येत होता आणि लुगडं अंगाला असं चिकटत होतं की बोटाने सोडवून घ्यावं लागे. मंजुळा ओटीवर उकिडवी बसून पहाटेच्या पाण्याची मासळी निवडत होती. कोळंबी एका पाटीत, बोय दुसऱ्या पाटीत, आणि चिंबोऱ्या सगळ्यांत शेवटी, कारण त्यांच्या नांग्या सुतळीने बांधायच्या. परकर नेसायची तेव्हापासूनचं तिचं हे काम. चिंबोरीच्या पाठीवर अंगठा, पोटाखाली बोटं, सुतळीचे वेढे, गाठ, की फेकली टोपलीत. बोलता बोलता व्हायचं, भांडता भांडता व्हायचं, वेळ पडली तर रडता रडतासुद्धा.

आज एका चिंबोरीने तिची करंगळी धरली.

"आय गो!"

दारातल्या पिंपाशी तिचा नवरा गोमाजी पायांचा चिखल धूत होता. "काय झालं गो?"

"काय नाय. तुमी पाय धवा."

तिने करंगळी पदरात दाबली. चिंबोरी उजवीकडून आली होती. उजवीकडे तिला आता जग दिसत नव्हतं. दिसायचं ते पातळ ताकातून बघितल्यासारखं, पांढरट. त्यातून माणूस आलं तरी आवाज केल्याशिवाय कळायचं नाही, मग चिंबोरीचं काय. मोतीबिंदू पुरता पिकला होता. डाव्या डोळ्यातही सुरुवात झालेली. कालच बाजारात एका गिऱ्हाईकबाईने बोय परत आणून तिच्या पुढ्यात टाकली होती. "मावशी, कल्ले बघा की! काळे पडलेत. आम्ही काय आंधळे आहोत?" मंजुळाने मुकाट दुसरी दिली. तोंडाला तोंड देण्यात अख्ख्या मंडईत जिचा हात कुणी धरत नसे, ती गप्प राहिलेली बघून शेजारच्या कोळणींनीसुद्धा माना वळवल्या.

मुलगा चंदू वागळे इस्टेटीत कामाला, बायकोपोरासकट डोंबिवलीला खोली घेऊन राहिलेला. घरात दोघंच. गोमाजी खाडीत जाळं टाकायचा, मंजुळा विकायची. कल्ला बघून ताजी-शिळी मासळी ओळखता आली नाही तर कोळणीने बाजारात बसायचं कशाला?

तशी ऑपरेशनची तारीख गणपतीआधीच मिळाली होती. नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात तिला हिरवा झगा घातला, खाटेवर निजवलं, दंडाला पट्टा बांधला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पारा बघितला नि पट्टा सोडला. "बाई, एवढ्या प्रेशरवर डोळा उघडला तर आतून रक्त सुटेल. मग डोळा जाईल तो जाईलच. उतरवून आणा, नवरात्रात बघू. पण त्यापुढे ढकलू नका. जास्त पिकून आत फुटला तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

नवरात्र त्यांनी तिच्याच सोयीने धरलं होतं. त्या दिवसांत अर्धं ठाणं मासळी सोडतं. टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला मुंगीला वाट मिळत नाही आणि मच्छी मंडईत माश्या मारत बसायची पाळी येते. धंद्याचं नुकसान नाही. अडचण एकच, प्रेशर.

आणि प्रेशरचं असं की ते उतरायला पाहिजे या काळजीनेच ते चढत होतं. रात्री उशीवर कान टेकला की कानात कुणीतरी वल्हं मारत असल्यासारखं धपधप वाजायचं. तिची आई अशीच आंधळी होऊन गेलेली. शेवटची वर्षं कोपऱ्यात बसून. ताट पुढे सरकवलं की आधी हाताने कड चाचपायची, मग भात कुठे ते शोधायची. भाताऐवजी आमटीत बोटं गेली की कसंनुसं हसायची. ते हसू मंजुळाला अजून दिसायचं.

स्टेशन रोडला औषधाच्या दुकानाच्या माडीवर वैशंपायन डॉक्टरांचा दवाखाना होता. गोळ्या त्यांच्याच चालू होत्या. त्या दिवशी मंडई आटोपून ती तिकडे गेली.

"गोळ्या वेळेवर?"

"वेलेवर."

"सुकी मासळी बंद केलीत?"

"बोंबलाचा वास बी घेत नाय, साहेब. वास आला तर पदर लावतंय नाकाला."

डॉक्टर हसले. "आणि रोज विश्रांती घ्यायला सांगितली होती, ती?"

"घेतंय की! जेवणं झाली का ओटीवर तंगड्या पसरून बसतंय. जाऊ येते, शेजारची मनुआय येते. मस्त विसावा घेतंय."

डॉक्टरांनी पट्टा बांधला, पंप दाबला, पारा बघितला. पुन्हा दाबला, पुन्हा बघितला. कपाळाला आठी पडली. "उतरत का नाही मग? ओटीवर बसून करता काय?"

"काय नाय. कोलंबी सोलतंय."

"किती?"

"असंल पाटीभर."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मंजुळाबाई, अहो, हे काम झालं."

"काम कसलं? काम बाजारान. बसल्या बसल्या कोलंबी सोलायची त्याला काम कोन बोलतं?"

खोटं नव्हतं तिचं. कोळीवाड्यात दुपारचा विसावा म्हणजे पाटीभोवती कोंडाळं करून बसायचं, बोटं आपली चालत राहायची, तोंडं आपली. रिकाम्या हाताने बसते ती एकतर आजारी, नाहीतर आळशी. आणि आळशी म्हणून घेण्यापेक्षा बाई आजारी पडणं पसंत करते.

"ऐका," डॉक्टर म्हणाले, "दिवसभर तुमचं अंग भांडायला उभं राहिल्यासारखं असतं. दात आवळलेले, खांदे वर, मुठी घट्ट. आत्तासुद्धा बघा." मंजुळाने बघितलं. मुठी खरंच घट्ट होत्या. "रोज अर्धा तास अंगाला कळू द्या की भांडण मिटलं. खांदे सोडायचे, जबडा सोडायचा, श्वास सावकाश. हात रिकामे. आज गोळी एका बाजूने ओढतेय आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने. दोघी मिळून एकाच बाजूला ओढा. झोपही लागेल, डोकंही दुखायचं थांबेल."

"आनि हात कुठं ठेवू?"

"मांडीवर."

मंजुळाने स्वतःच्या हातांकडे असं बघितलं, जसं काही डॉक्टरांनी ते काढून खुंटीला टांगायला सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने पाटी आत सरकवली, दार लावलं, कडी घातली आणि चटईवर उताणी पडली. खांदे सोडले. जबडा सोडला. लगेच कानात धपधप सुरू. ती मोजायला लागली, मोजता मोजता घाबरली, घाबरली तशी धपधप वाढली. कूस बदलली तर भिंतीवर आईचा फोटो. जाळीतून आलेल्या उजेडात फोटोची चौकट दिसत होती, आईचं तोंड दिसत नव्हतं. तिने डावा डोळा झाकला. मग चौकटही गेली.

तेवढ्यात दारावर थाप. "मंजुले! अगो मंजुले! कोन गेला गो?"

मनुबाईचा आवाज. ऐंशीला टेकलेली म्हातारी. कोळीवाड्यात कुणाकडे पाळणा हलला आणि कुणाकडे तिरडी बांधली हे तिला आधी कळायचं. मंजुळाने दार उघडलं तर ओटीवर पाच-सहा बायका जमलेल्या, आणि पुढे तिची धाकटी जाऊ शेवंती, कमरेवर हात ठेवून.

"कोन जानार? मी निजलेलू."

"भर दुपारी? दार लावून?" शेवंतीने आत डोकावत डोळे मिचकावले. "भावजी घरान हायत का काय? सांगायचं ना बाय, आमी आलोच नसतो."

बायका खदखदून हसल्या. मंजुळाचे कान तापले. "मेले, तुझ्या जिभेला हाड नाय. डाक्तरान सांगितलंय पडून ऱ्हायला."

डॉक्टरांचं नाव निघालं आणि हसणं बंद पडलं. ते आणखी वाईट. कुणी म्हणाली, माझ्या मावशीला असंच पडायला सांगितलं, ती उठलीच नाही. कुणी म्हणाली, दृष्ट लागली. मनुबाईने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, त्या तडतडल्या, सगळ्यांनी माना हलवल्या. अर्ध्या तासाच्या विसाव्याला दीड तास लागला आणि संध्याकाळी मंजुळाचं डोकं ठणकत होतं.

पुढचे दोन दिवस तेच. दार लावलं की थाप. दार उघडं ठेवलं की, "पडलीस का गो? बरं नाय का?" आजाऱ्याला बघायला येणारी माणसं बघून माणूस आजारी पडावं, तशी तिची गत झाली. तारीख जवळ येत होती.

गोमाजी तिसऱ्या दिवशी कावला. "उद्यापासून दारात काठी घेऊन बसतो. कोन येतंय ते बघतो."

"बसा. म्हंजे लोक तुमची बी दृष्ट काढतील."

मनुबाई मात्र त्या दिवशी एकटीच आली. भिंतीला टेकून बसली, मिश्री लावली. मग म्हणाली, "नुसतं बसायचंय ना तुना? मग घरान कनाला बसतंस? बंदरावर जा."

"बंदरावर काय?"

"होरीची वाट बघ. आमच्या वेलेला सासू कामाला जुंपून जीव काढायची, पन होरी पान्यान असताना बंदरावर बसलेल्या सुनंला हाक मारायची कोनाची टाप नव्हती. आनि हातान काय धरायचं पन नाय. माझी सासू बोलायची, बायको बंदरावर बसून हात चालवते तिच्या नवऱ्याचं जालं गुततं." म्हातारी खळकन थुंकली. "खरं-खोटं देव जाने. पन तेवढाच मला श्वास मिलायचा."

मंजुळा तिच्याकडे बघतच राहिली. बंदरावर तीही जायचीच. पण जायची ती होडी किनाऱ्याला लागता लागता, धावत, पाटी घेऊन. आधी जाऊन बसायला सवड कुणाला होती?

दुसऱ्या दिवसापासून ती भरती लागली की जायची. भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते, म्हणून तिचीही सरकायची. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "घड्याळ माझं, पाणी तुमचं. रोज असलं म्हणजे झालं." पाटी उपडी घालून तिच्यावर बसायचं, हात मांडीवर, पालथे नाही, उताणे. येणारे-जाणारे बघायचे आणि पुढे जायचे. होडीची वाट बघणाऱ्या बाईला कुणी काय विचारणार?

पहिले दिवस सुखाचे नव्हते. हात मांडीवर पडले की त्यांना खाज सुटायची. बोटं आपोआप कोळंबीचं डोकं मोडल्यासारखी हलायची. मनात मंडई, चंदूच्या पोराचा खोकला, घरात संपत आलेलं घासलेट. आणि मधूनच ती डावा डोळा झाकून खाडीवरच्या रेल्वेच्या पुलाकडे बघायची, उजव्याने किती दिसतो ते तपासायला. कालच्यापेक्षा आज कमी वाटायचा. मग पुन्हा झाकून बघायची.

एकदा तिने स्वतःलाच बजावलं, डोळा झाकशील तर हात तोडीन. त्या दिवशी मग बघायला पाणीच उरलं. चिखलातल्या भेगांतून पाणी असं आत येत होतं की येताना दिसतच नव्हतं. मघाशी खेकड्याचं बीळ होतं तिथे आता ओल, थोड्या वेळाने चकाकी. तिचा श्वास कधी त्याच्या चालीवर गेला तिला कळलं नाही. गोमाजीने होडीतून हाक मारली तेव्हा ती दचकली. खांदे खाली आले होते. तोंड किंचित उघडं होतं.

"निजलेलीस का काय?"

"नाय. बसलेलू."

त्या रात्री कानातलं वल्हं वाजलं, पण लांबून. तिला झोप लागली. चार-आठ दिवसांनी डोकं दुखायचं कमी झालं, जेवण गोड लागायला लागलं. वैशंपायन डॉक्टरांनी पारा बघून "हं" म्हटलं, आणि तो "हं" ऐकून मंजुळा जिना दोन-दोन पायऱ्या उतरली. "अजून थोडं हवं," ते वरून ओरडले, "आणि सावकाश उतरा!"

नवरात्र लागलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात प्रेशर बघणार होते. नेमकं त्याच दुपारी गोमाजी आला नाही.

भरती लागली, वाढली. काळुरामची होडी आली, विश्रामची आली. "गोमाजीदादा पुलापलीकडे होता," विश्राम म्हणाला, आणि मासळी उतरवायला लागला. पाणी बंदराच्या खालच्या पायरीला लागलं, मग वरच्या. मंजुळाचे हात मांडीवरच होते, पण मुठी आवळलेल्या. शेवंती येऊन शेजारी उभी राहिली. आज तिनेही थट्टा केली नाही. तेच जास्त भीतीचं.

"जाऊ का मानसं घेऊन?" शेवंती म्हणाली.

"जा."

शेवंती गेली. मंजुळाला आपला डोळा आठवला, आणि आठवला म्हणून स्वतःची लाज वाटली. नवरा पाण्यात नि ही प्रेशर मोजते. मग दोन्ही काळज्या एकमेकींत अशा गुंतल्या की कुठली कुणाची कळेना. उठावं, धावावं, ओरडावं असं झालं. धावून जायचं कुठे, पाण्यावर? तिने मुठी उघडल्या. पुन्हा मिटल्या, पुन्हा उघडल्या. बसून राहिली. जबडा आवळला की सोडायचा, एवढंच काम तिने धरलं.

ऊन कलताना, माणसं निघायच्या आतच, पुलाखालून होडी आली. गोमाजी छातीपर्यंत चिखलाने माखलेला. होडी गाळात रुतली होती. भरतीने उचलेपर्यंत तो आणि होडीवर त्याच्यासोबत असलेला काळुरामचा भाऊ आनंदा ढकलत होते.

"अवो, जीव गेला ना माझा!" ती ओरडली. एवढी मोठ्याने ओरडली की बंदरावरची कुत्री उठली.

"गाल किती साठलाय बघ ना तिकरं! मी काय करू?" मग तो तिच्या तोंडाकडे बघून थांबला. "तू अजून इथंच? दवाखान्यान जायचं ना तुना!"

दोघं तशीच निघाली. गोमाजीने बंदराच्या नळावर अंग धुतलं तरी कानामागे चिखल राहिलाच. दवाखान्यात सिस्टरने पट्टा बांधला, पारा चढवला आणि मान हलवली. "जास्त आहे, मावशी. डॉक्टरांना सांगते."

मंजुळाच्या डोळ्यांपुढे आईची बोटं आली, ताटाची कड चाचपणारी. पण ती उठली नाही.

"बाय, जरा थांबशील?" ती सिस्टरला म्हणाली. "आजचा दिवस लई वाईट गेला माझा. मना बाहेर बसू दे. मग पुन्ना बघ. तवा बी जास्ती निंघालं तर सांग खुशाल."

सिस्टरला घाई होती, तरी तिने मानेनेच परवानगी दिली. बाहेर व्हरांड्यात बाक होता. मंजुळा बसली. रस्त्यावरून टेंभी नाक्याकडे जाणाऱ्या बायकांची रांग, लाऊडस्पीकर, रिक्षांचे भोंगे. गोमाजी शेजारी बसला आणि लगेच काहीतरी बोलायला लागला. तिने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "गप ऱ्हावा. तुमी अजून पान्यान हाव असं समजा." तिने हात उताणे मांडीवर ठेवले.

किती वेळ गेला तिने विचारलं नाही. आत बोलावलं तेव्हा ती हळूच उठली, चालताना कुणाशी बोलली नाही, पारा चढत असताना भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिली. त्यातलं वरचं मोठं अक्षरसुद्धा तिला येत नव्हतं. शाळा बघितलीच कुठे होती.

सिस्टर म्हणाली, "चालेल." मग डॉक्टरांना दाखवून आली आणि म्हणाली, "सकाळी उपाशीपोटी या. पहिला नंबर तुमचा."

गोमाजीचे डोळे भरून आले. मंजुळाचे नाही. तिला अजून उद्याची भीती वाटत होती, आणि तेवढी वाटायचीच.

ऑपरेशन सुखरूप झालं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, शिंकायचं झालं तरी तोंड उघडून, असे दिवस गेले. घर गोमाजीने सांभाळलं. भात करपवला, भांडी घासली, आणि लेकाला निरोप धाडला की मी सगळं करतो, तुझी आई नुसती राणीसारखी बसलीय. राणी मात्र पट्टीखालच्या अंधारात पडून रोज घाबरायची, आणि रोज भरतीच्या वेळी गोमाजीने हाताला धरून बंदरावर नेलं की थोडी निवायची. शेवंतीही कधीकधी येऊन बसायची. पहिल्यांदा तिने सवयीने कोळंबीची पाटी आणली. मंजुळाने पायाने ती मागे सरकवली.

दिवाळी होऊन गेल्यावर जाड भिंगांचा चष्मा मिळाला. तो लावून ती मंडईत बसली आणि टोपलीतली बोय बघून चपापली. हातभर दिसत होती. "बाय, मासली मोठी दिसाया लागली," ती शेजारणीला म्हणाली. शेजारीण म्हणाली, "मग भाव बी वाढव." सगळी रांग हसली. मंजुळाने कल्ला उघडला. लाल होता, ओला, रसरशीत लाल. ती बराच वेळ तसाच धरून बसली. मग गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा बोय तोलून दिली.

घरी आली. गोळी घेतली. बंदरावर जायला अजून पाणी लागायचं होतं. चहा टाकावा म्हणून तिने फळीवरचा टोप काढला, आणि चष्म्यातून आत बघितलं. कडेने सगळीकडे करपलेल्या भाताचा काळा थर, तळाला तेलाचा ओशटपणा. दुसरा टोप काढला, तोही तसाच. तवा तर बघवेना.

"अवो!" ती आतून ओरडली. "हे असलं घासलंव? एवढे दिवस मी ह्यान जेवलू?"

ओटीवर गोमाजीने मान आणखी खाली घातली. तो जाळं सांधण्यात फार गुंतल्यासारखा दिसायला लागला.

मंजुळाने पदर खोचला, मोरीत राखेचं गाडगं ओढलं, काथ्याचा चोथा घेतला आणि पहिला टोप पुढ्यात धरून घासायला बसली.